तिरकस फुटणारा

“पट्टे दिसतात, सर. एक काळा, एक पांढरा, पुन्हा एक काळा,” तुकडीतल्या शेवटच्या मुलानेही मायक्रोस्कोपवरून मान वर करीत तेच सांगितले. बाहेरगावाहून परीक्षक म्हणून आलेल्या प्राध्यापक दीनानाथ गुर्जरांनी “मग खनिज कोणतं?” असे विचारले, मुलगा “प्लॅजिओक्लेज” म्हणाला, आणि गुर्जरांनी कागदावरून नजर न उचलताच त्याला मानेने जायला सांगितले. दार लागले. गुर्जर हात धुवायला गेले. प्रयोगशाळेत ह्या मुलांना भूविज्ञान शिकवणारा श्रीनिवास एकटाच उरला, आणि चहा येईपर्यंत काहीतरी करायचे म्हणून, निव्वळ सवयीने, त्या मायक्रोस्कोपवर वाकला. वर्तुळ भरून एकच स्फटिक होता. राखाडी, मंद, ढगाळ दिवसाच्या आभाळासारखा सपाट. त्याने खालची गोल तबकडी बोटाने फिरवली. राखाडी रंग हळूहळू काळवंडत गेला, सगळाच्या सगळा, कुणी दिव्याची वात खाली करावी तसा; आणखी फिरवल्यावर तो तसाच पुन्हा सगळा उजळला. पट्टे नव्हते. त्याने चष्मा काढला, भिंगावरून रुमाल फिरवला, चष्मा पुन्हा लावला. डावा डोळा मिटून पाहिले, मग उजवा. वरची काच आत सरकवलेली आहे ना, खालची जागेवर आहे ना, हे त्याने हाताने चाचपून बघितले, दोन्ही होत्या. ह्या दोन काचांमधून आडवा-उभा चाळून आलेला प्रकाश प्लॅजिओक्लेजमधून गेला की सतरंजीसारखे काळे-पांढरे पट्टे उमटतात आणि तबकडी फिरवली की काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे होतात, हे त्याने इतक्या वर्षांत इतक्या मुलांना सांगितले होते की ते आता ज्ञान राहिले नव्हते, उच्चाराची एक लकब झाली होती. सकाळपासून सगळ्या तुकडीला ते दिसले होते. एका मुलाने तर ते “फार सुंदर” आहेत असेही म्हटले होते.

“काय, स्वतःच्याच खनिजाच्या प्रेमात पडलात की काय?” गुर्जर हात पुसत आत आले. “चहा निवतोय.”

“छान उठलेत पट्टे,” श्रीनिवास म्हणाला.

हे वाक्य त्याच्या तोंडून इतक्या सहज, इतक्या मोकळ्या आवाजात बाहेर पडले की त्याला ते स्वतःचे वाटलेच नाही. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. कपाची कड ओठांना लागली तेव्हा तो कुणाचा, हेही त्याच्या ध्यानात आले.

त्याचे वडील, यज्ञेश्वरपंत, एका खाजगी शाळेत गणित शिकवीत. त्यांची दृष्टी नेमकी केव्हापासून जाऊ लागली हे घरात कुणालाच सांगता आले नसते, कारण त्यांनी ते सांगितले नव्हते. नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्यांत कुठली वस्तू कुठे आहे ते त्यांना ठाऊक होते; रस्त्यावरची माणसे ते चपलांच्या आवाजावरून ओळखीत आणि आधी आपणच हाक मारीत; फळ्यावरचे गणित ते पाठ असल्यासारखे लिहीत, आणि ते पाठच असे. मुलांच्या वह्या मात्र साचत चालल्या होत्या, पण त्याचे खापर त्यांनी अंगातल्या कणकणीवर फोडले होते. मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते गच्चीत उभे राहून म्हणाले, “आज पर्वती काय स्वच्छ दिसतेय!” श्रीनिवास त्यांच्या शेजारी उभा होता. त्या सकाळी इतके दाट धुके पडले होते की समोरच्या घराची कौलेही दिसत नव्हती. तो तेव्हा कॉलेजात होता. खोटे बोलणारा बाप आणि न दिसणारा बाप ह्यांतला फरक ओळखण्याइतके वय झालेले होते. त्याने “हो” म्हटले. खाली येऊन आईला सांगितले, तर आई तांदूळ निवडत होती ती निवडतच राहिली, आणि तिच्या त्या न थांबलेल्या हातांवरून त्याला कळले की तिला हे कधीपासूनच माहीत आहे. पुढे डॉक्टरांनी काचबिंदूचे निदान केले. हा रोग कडेकडेने नजर खात आत येतो, दुखत नाही, माणसाला पत्ता लागू देत नाही, आणि गेलेले परत देत नाही; आधी आला असतात तर उरलेले तरी राखता आले असते, असे ते म्हणाले. हे रक्तातून उतरू शकते, मुलाने पन्नाशीकडे जाताना सांभाळावे, असेही म्हणाले. श्रीनिवासने पन्नाशी ओलांडली होती आणि सांभाळले मात्र नव्हते. विसरला होता असे नव्हे. पानशेतच्या पुरात घर गेले, नवे उभे करायचे होते. मग मुलीचे लग्न निघाले. दर वर्षी काही ना काही होते, आणि ते आहे ह्याचे त्याला दर वर्षी आतून बरे वाटत असे.

संध्याकाळी कॉलेजातून तो चालतच निघाला. वाटेत लागणारी प्रत्येक पाटी तो वाचू लागला आणि थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आले की ह्या परीक्षेला काही अर्थ नाही. लक्ष्मी रोडवरच्या कापडाच्या दुकानांची नावे त्याला तोंडपाठ होती. वैद्यांची पाटी, शिवणयंत्र दुरुस्त करणाऱ्याची पाटी, “येथे चौकशी करू नये” ही पाटी. ह्यांतली कुठली तो वाचत होता आणि कुठली आठवत होता? तो ज्या गावात जन्मला त्या गावात त्याला न माहीत असलेले असे काही उरलेच नव्हते. माणूस आयुष्यभर एका जागी राहतो, तेव्हा तो पाहणे केव्हा बंद करतो आणि आठवणे केव्हा सुरू करतो, हे त्याचे त्याला कळत नसावे. त्याच्या वडिलांना कदाचित खरोखरीच पर्वती दिसली असेल. त्या विचाराने त्याला क्षणभर वडिलांविषयी वाटत आलेली जुनी अढी सैल झाल्यासारखे वाटले, आणि लगेच भीती दुप्पट झाली.

दुसऱ्या दिवशीही परीक्षा होती, दुसरी तुकडी होती, तीच स्लाइड होती, तेच उत्तर होते. “पट्टे दिसतात, सर.” दुपारी मकबूलभाईंनी कपाट उघडले तेव्हा त्याने पेटीतून दुसरीच एक स्लाइड मागून घेतली. मकबूलभाई प्रयोगशाळेत दगड कापून, घासून, कागदाहून पातळ करून काचेवर चिकटवण्याचे काम करीत. “कुणी नापास झालं का, साहेब?” त्यांनी विचारले. “अजून नाही,” श्रीनिवास म्हणाला. त्याने ती स्लाइड लावली. पट्टे दिसले. काळे, पांढरे, काळे. त्याने मोठा श्वास घेतला, आणि तो श्वास पुरता सोडण्याआधीच त्याच्या मनाने विचारले: दिसले, की असायला हवेत म्हणून दिसले? ह्या स्लाइडवरचा प्रत्येक पट्टा तो शंभरदा बघून चुकला होता. जी नवी होती, जी त्याने कधीच पाहिली नव्हती, तिच्यातलेच तेवढे दिसत नव्हते. जुनी परीक्षेची स्लाइड तडकली म्हणून ह्या वर्षी मकबूलभाईंनी त्याच दगडातून ही नवी काढली होती, त्यांनीच ती लावून फोकस करून ठेवली होती, आणि श्रीनिवासने ती बघण्याची गरज मानली नव्हती. तोच दगड, तेच खनिज. बघायचे काय त्यात? मकबूलभाईंना आता “जरा ह्यात बघून सांगा” असे म्हणणे शक्य होते. एवढेच म्हणायचे होते. ते वाक्य त्याने मनात जुळवलेही. मग मकबूलभाई म्हणतील, “आहेत की, साहेब,” आणि त्या तीन शब्दांनंतरचे आयुष्य त्याला कल्पनेत उभे करवेना.

त्या संध्याकाळी तो घरी न जाता कोथरूडच्या बसमध्ये बसला. तिकडे शेते मोडून नव्या वसाहती उठत होत्या, आणि तिथली एकही पाटी त्याने कधी वाचलेली नव्हती. शेवटच्या थांब्यावर उतरून तो एका नव्या सोसायटीच्या रस्त्याने निघाला. चुना अजून ओला वाटत होता, कुंपणाशी बोटभर उंचीची गुलाबाची रोपे होती. रस्त्याच्या मध्यावर उभे राहून, एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा हाताने झाकून, त्याने फाटकांवरची नावे वाचायला सुरुवात केली. एका फाटकाशी हात कमरेवर ठेवून एक वयस्कर बाई उभ्या होत्या.

“कोण हवंय आपल्याला?” त्यांनी विचारले.

“कुणी नाही.”

“मग आमची पाटी पाठ करताय का?”

“नाही, नुसती वाचतोय.”

“वाचा. एका डोळ्यानं वाचलीत तरी नाव तेच राहील,” त्या म्हणाल्या आणि पायपुसणे झटकून आत गेल्या. श्रीनिवासला हसू आले. दोन दिवसांतले पहिले हसू. नावे त्याने सगळी बरोबर वाचली होती. जवळ जाऊन खात्री करून घेतली होती. परतीच्या बसमध्ये मात्र त्याला वाटू लागले की काळी ठसठशीत अक्षरे वाचता येणे म्हणजे काही नव्हे. आधी जात असतील ते राखाडी रंगांतले बारीक भेद. माणसाला भ्यायचेच असले की त्याला पुरावा कमी पडत नाही, हे त्याला कळत होते, आणि कळून काही उपयोग नव्हता.

त्याच्या आयुष्यात ह्या खनिजाला जी जागा होती ती त्याने कधी कुणाला सांगितली नसती, कारण ती सांगण्याजोगी नव्हती. पुण्याखाली, पर्वतीखाली, सिंहगडाखाली जो काळा दगड पसरला आहे तो सगळा ह्याच्याच बारीक काड्यांनी विणलेला आहे. एका खनिजाचेही हे नाव नव्हे, एका घराण्याचे आहे; एका टोकाच्या भावंडात सोडियम, दुसऱ्या टोकाच्यात कॅल्शियम, आणि मधल्यांत दोन्ही कमीजास्त. दर वर्षी पहिल्या व्याख्यानात तो नावापासून सुरुवात करी. ग्रीक भाषेत ‘प्लॅजिओस’ म्हणजे तिरपा, आणि ‘क्लासिस’ म्हणजे फुटणे. ऑर्थोक्लेज म्हणून ह्याचा एक नातलग आहे; तो फुटला की त्याच्या दोन फुटींमध्ये नेमका काटकोन पडतो. ह्याचा मात्र काटकोन चारेक अंशांनी चुकतो. तेवढ्याशा चुकण्यावरून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी ह्याला जन्माचे नाव देऊन टाकले. “मराठीत तिरकस फुटणारा म्हणा,” तो म्हणे. “पुण्यात ह्याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.” मुले हसत. हसणे थांबण्याच्या आत तो पुढचे सांगून मोकळा होई, की परीक्षेत काटकोन मोजत बसू नका; पट्टे दिसले की प्लॅजिओक्लेज. मुले ते दुसरे वाक्य लिहून घेत.

घरी हेमा वाट बघत होती. तिने ताट वाढले आणि समोर बसली. हेमा अशी समोर येऊन बसते तेव्हा तिने एखादे वाक्य धार लावून ठेवलेले असते हे त्याला ठाऊक होते.

“कालपासून बघतेय,” ती म्हणाली. “भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभं राहून एक डोळा मिटता. त्यावर लक्ष्मीचं चित्र आहे. देवीला डोळा मारणारा नवरा मी आजवर बघितला नव्हता.”

“डोळ्यात काहीतरी गेलं होतं.”

“दोन्ही डोळ्यांत? आळीपाळीनं?”

“परीक्षा आहेत गं. शिणतात डोळे.”

“सरळ उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंय तर ठीक आहे,” ती म्हणाली आणि आमटी पुढे सरकवली. त्याला तिच्या आवाजातला थोडासा कंप ऐकू आला. तिने त्याच्या वडिलांचे शेवटचे दिवस पाहिले होते; त्यांना ताटातल्या पदार्थांच्या जागा तीच सांगत असे, डावीकडे कोशिंबीर, समोर भात. आता तिने आमटी सरकवली तेव्हा “उजवीकडे” असे म्हटले नव्हते, पण म्हणता म्हणता थांबल्यासारखी ती वाटली. म्हणजे तिलाही कळले आहे का? आईचे हात तांदळावरून फिरत राहिले तसे हिचे हातही आता फिरत राहणार का? ह्या घरात न बोलण्याची एक शिस्तच होती, आणि ती त्याने वारसाने घेतली होती. नजर जायच्या आधीच ही तेवढी उतरली होती.

परीक्षेचा शेवटचा दिवस उजाडला. तुकडी लहान होती. पट्टे, प्लॅजिओक्लेज, जा. पट्टे, प्लॅजिओक्लेज, जा. मग दारातून अख्तरबानू तांबोळी आत आली. कसबा पेठेतून रोज पायी येणारी, मागच्या बाकावर बसणारी मुलगी. वर्गात फारशी बोलत नसे, पण तिने काढलेल्या आकृत्या श्रीनिवासला आठवत. ती मायक्रोस्कोपवर वाकली. तबकडी फिरवली, थांबली, उलटी फिरवली. इतरांना लागला त्याहून बराच अधिक वेळ गेला. गुर्जरांनी घड्याळाकडे पाहिले.

“काय दिसतं?”

“राखाडी दिसतं, सर. फिरवलं की सगळं एकदम काळं होतं.”

“आणि पट्टे?”

“पट्टे नाहीत, सर.”

श्रीनिवासच्या हातातली पेन्सिल थांबली. गुर्जर खुर्चीत मागे रेलले. “नाहीत? तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाला दिसलेत, बाई. तुमच्यासाठी काय सुट्टीवर गेलेत का?”

“माहीत नाही, सर. पण इथं नाहीत.”

“चष्मा आहे का तुम्हाला?”

“नाही, सर.”

“मग करून घ्या. बरं, खनिज कोणतं, ते तरी सांगा.”

तिचे कान लाल झाले होते. बाहेर थांबलेल्या मुलांकडून तिला उत्तर कळलेले असणार, हे उघड होते. ते म्हणून टाकणे अगदी सोपे होते. तिने पुन्हा एकदा भिंगाला डोळा लावला, जणू अजूनही संधी द्यायची होती त्या पट्ट्यांना. “प्लॅजिओक्लेज आहे असं सगळे म्हणतात,” ती हळू म्हणाली, “पण मला ह्यावरून तसं म्हणता येत नाही. पट्टे असते तर म्हटलं असतं.”

श्रीनिवासला जे झाले ते आनंदापेक्षा फार साधे होते. खूप वेळ उचलून धरलेले काहीतरी कुणी हातातून काढून घ्यावे तसे त्याचे खांदे खाली आले, आणि दिवसभर बंद असलेल्या खोलीची खिडकी उघडल्यासारखी प्रयोगशाळा मोठी झाली. पट्टे नाहीत. तिला दिसत नाहीत, ती विशीतली आहे, तिचे डोळे स्वच्छ आहेत, आणि तिला दिसत नाहीत. मग इतके दिवस जणू कुणी दाबून धरलेले त्याचे डोके काम करू लागले. तो दगड त्याच्यासमोर उभा राहिला, घाटातून त्याने स्वतः आणलेला. त्यात हाताच्या बोटाएवढे लांब, पाटीसारखे चपटे स्फटिक, लाव्हा वाहताना सगळे एकावर एक आडवे झोपलेले. त्यातला एक रुंद, चकाकता चेहरा त्याला इतका देखणा वाटला होता की मकबूलभाईंना त्याने खडूने रेघ मारून दिली होती: असा कापा, हा चेहरा आला पाहिजे. आणि ह्या खनिजातले पट्टे म्हणजे वहीच्या पानांसारखे एकावर एक बसलेले थर. वही कडेने पाहिली तर पाने दिसतात, उघड्या पानावरच डोळा ठेवला तर एकच कोरा कागद. त्याने पानाला समांतर कापायला लावले होते. दुसऱ्या वर्षाचे पोर सांगेल अशी गोष्ट होती, आणि ती त्याला सुचली नव्हती, कारण ह्या सगळ्या दिवसांत तो दगडाविषयी विचारच करत नव्हता.

“गुर्जर,” तो म्हणाला, “आपण एकदा बघता का?”

“काय बघायचंय? दिसतंय मला, मुलगी गोंधळलीय.”

“तरी बघा. माझ्याखातर.”

गुर्जर नाइलाजाने उठले. वाकले. तबकडी फिरवली. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाकले. खोलीत फक्त त्या तबकडीची बारीक करकर ऐकू येत होती. अख्तरबानू भिंतीकडे बघत उभी होती. बऱ्याच वेळाने गुर्जर सरळ झाले आणि त्यांनी चष्मा खाली ओढला.

“नाहीत,” ते म्हणाले. मग आवाज उतरवून, “म्हणजे सोमवारपासून ही पोरं बघत काय होती?”

“ती बघत नव्हती. आपलं ऐकत होती,” श्रीनिवास म्हणाला. “माझं जास्त. मीच सांगितलंय त्यांना, पट्टे म्हणजे प्लॅजिओक्लेज. नावात कुठं पट्टे आहेत? नावात फक्त तिरपेपणा आहे. कुठून कापलं त्यावर सगळं. आणि कापायची रेघही मीच आखली.”

“आणि परवा आपण मला म्हणालात, छान उठलेत.”

“म्हणालो.”

“बघितलं होतं का?”

“बघितलं होतं,” श्रीनिवास म्हणाला. “नव्हते दिसले. मला वाटलं माझे डोळे गेले.”

हे वाक्य तो एका बाहेरगावच्या परीक्षकाला आणि एका विद्यार्थिनीला ऐकवून बसला होता, आणि छत जागेवर होते. गुर्जरांनी त्याच्याकडे नीट पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा उपहास हळूहळू कुठेतरी विरला. “म्हणजे आपण इतके दिवस...” असे म्हणून ते थांबले, घसा खाकरून अख्तरबानूकडे वळले आणि कोरडेपणा पुन्हा अंगावर ओढून घेत म्हणाले, “तुम्ही चष्मा करू नका, बाई. आत्ता तरी नको. हा प्रश्न बाद. सगळ्यांसाठी बाद. पुढची स्लाइड बघा.”

“मग माझं उत्तर, सर?”

“बरोबर होतं. म्हणूनच बाद करावा लागतोय,” गुर्जर म्हणाले, आणि पहिल्यांदाच ती हसली.

प्रश्न बाद झाल्यामुळे तिचे जे गुण जाणार होते त्याविषयी श्रीनिवासने गुर्जरांशी नंतर पाऊण तास वाद घातला आणि तिला पुढच्या स्लाइडच्या वर्णनाला पूर्ण गुण मिळवून दिले. ते तिने मिळवलेलेच होते, त्यामुळे वादात तो फारसा अडखळला नाही. मकबूलभाईंना त्याने तोच दगड आडवा धरून नवी स्लाइड काढायला सांगितली. “म्हणजे आधीची चुकली, साहेब?” “आधीची माझी चुकली. तुमची उत्तम होती.” संध्याकाळी घरी जाताना त्याने एकही पाटी वाचली नाही. लक्ष्मी रोडवर दिवे लागत होते, सायकलींच्या घंटा वाजत होत्या, आणि त्याच्या कडेने, मागून, समोरून माणसे जात होती, दिसत होती. कुणीतरी ओळखीच्याने हात केला. त्याने तो कोण हे न आठवताच हात केला. पायऱ्या चढताना मात्र त्याला कळले की आज जे सुटले ते निदान नव्हे. दगड चुकीचा कापला होता, एवढेच सिद्ध झाले होते. वडिलांचे रक्त होते तिथेच होते. पूर्वी हा विचार आला असता तर त्याने तो वळचणीला सारून ठेवला असता, पुढच्या वर्षापर्यंत. आज तो विचार साध्या कामासारखा वाटला, दळण आणण्यासारखा. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्याने हेमाला सगळे सांगितले, पट्ट्यांपासून कोथरूडच्या बाईंपर्यंत. ती ऐकता ऐकता पिठाचे हात तसेच धरून खाली बसली.

“मला वाटलं, आता मला ताटातलं सांगायला लागणार,” ती म्हणाली, “आणि तुम्ही मला सांगूही देणार नाही.” मग डोळे मनगटाने पुसून म्हणाली, “उद्या डॉक्टरकडे. मी येणार. नाहीतर तिथं काहीतरी तिरकस सांगून याल.”

डॉक्टरांनी वडिलांच्या काचबिंदूविषयी ऐकून त्याला आधी आडवे झोपवले, डोळ्यांत बधिर करणारे थेंब टाकले आणि बुबुळावर एक छोटे यंत्र टेकवून दाब पाहिला. मग दिव्याने आतपर्यंत बघितले. “काचबिंदू नाही,” ते म्हणाले. “पण दर वर्षी यायचं. आलाच नाहीत तर मी घरी येणार नाही, एवढं लक्षात ठेवा.” श्रीनिवास उठून खुर्चीत बसला. छातीतून काहीतरी लांबच लांब उलगडत बाहेर जात होते आणि ते संपत नव्हते. समोर अक्षरांचा तक्ता होता. वरच्या ओळी त्याने भराभर वाचल्या. डॉक्टरांची पट्टी शेवटच्या ओळीखाली येऊन थांबली. तिथे मुंग्यांसारखे काहीतरी होते. पहिले अक्षर ‘म’ असावे किंवा ‘भ’. दुसऱ्याला पोट होते. थोडे डोळे बारीक केले, थोडा विचार केला, तर ओळ जुळवता आली असती, आणि त्याचे ओठ सवयीने जुळवू लागलेही होते.

“दिसत नाही,” तो म्हणाला.

“अजिबात?”

“अजिबात नाही.”

“बरं झालं सांगितलंत. निम्मे लोक ह्या खुर्चीत बसले की परीक्षा द्यायला लागतात, आणि मग चुकीचा नंबर घेऊन घरी जातात.” डॉक्टरांनी त्याचा दुसरा डोळा झाकला. “आता?”

“आता तर तिच्या वरचीसुद्धा दिसत नाही.”

“अहो, जवळचा नंबर वाढलाय, लांबचाही थोडा. चष्मा बदलावा लागेल,” डॉक्टर म्हणाले आणि भिंगांची पेटी उघडता उघडता भिंतीशी बसलेल्या हेमाकडे वळले. “दिसत नाही, हे इतक्या आनंदानं सांगणारा पेशंट मी पहिल्यांदाच बघतोय.”